इंजिन कधी खोलायचं?

रबाळ्याच्या एमआयडीसीत मी टेम्पोच्या इंजिनांचं काम शिकलो. तिथले उस्ताद सांगायचे, चालू इंजिन उगाच खोलू नकोस. मला तो आळस वाटायचा. एकदा चांगलं चालणारं इंजिन मी ‘बघून ठेवू’ म्हणून खोललं. जोडताना कनेक्टिंग रॉडचा एक नट नीट आवळला गेला नाही. तिसऱ्या दिवशी इंजिन ठोकायला लागलं आणि टेम्पो ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभा राहिला.

विमानाचं इंजिन कधी खोलायचं, हे शोधायला मी तेव्हापासून लागलो.

१५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथमधून. तिला एकच इंजिन होतं, डी हॅविलंडचं जिप्सी. ते बंद पडलं तर दुसरं नव्हतं. अशा इंजिनावर भरवसा किती तास ठेवायचा? कंपनीनं त्याआधीच एक जिप्सी सील करून ६०० तास उडवलं होतं आणि मग खोललं होतं. बदलावे लागलेले भाग जेमतेम सात पौंडांचे निघाले. पुढच्या जिप्सी मेजरची मुदत १९४५पर्यंत १५०० तासांवर गेली. मुदत वाढली ती अशी, खोलून, बघून.

दुसऱ्या महायुद्धात सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञानं ब्रिटनच्या कोस्टल कमांडच्या विमानांच्या नोंदी तपासल्या. ठरावीक तासांची तपासणी झाली की लगेच बिघाड वाढायचे, मग हळूहळू कमी व्हायचे. म्हणजे माझा नट एकट्याचा नव्हता!

आज सेस्ना १७२च्या लायकमिंग इंजिनाला कंपनी २००० तास किंवा १२ वर्षं सांगते. वर्षं कशाला? कारण या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान नुसतं उभं राहिलं की त्यावरचं ऑइल निथळतं आणि दमट हवेत गंज धरतो. म्हणून रोज उडणारं इंजिन अनेकदा शेडमध्ये जपून ठेवलेल्यापेक्षा निरोगी निघतं.

त्यामुळे जाणते मेकॅनिक आकड्यासोबत इंजिनालाही विचारतात. ऑइल किती खातंय? फिल्टर कापल्यावर धातूचे कण दिसतात का? सिलिंडरचं कॉम्प्रेशन किती? बोअरस्कोपमधून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कसा दिसतो? तरी क्रँकशाफ्टची बारीक चीर यातल्या कशातच दिसत नाही. त्यासाठी शेवटी खोलावंच लागतं, आणि आकडा त्यासाठीच आहे.

उस्तादांचं म्हणणं मला आता पटतं. पण त्यांचा टेम्पो रस्त्याच्या कडेला उभा राहू शकतो. विमानाला कडा नसते.