पायथॉनच्या शेलमधील अंगभूत आज्ञा

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड येथील महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. संगणकाच्या अभ्यासक्रमात पायथॉन भाषा आली, तरी त्यासाठी पुण्यातील शिकवणीवर्ग गाठणे तेथील प्रत्येक विद्यार्थ्याला परवडणारे नाही. इंटरनेट बंद असतानाही ही भाषा आपली माहिती स्वतःच देते, ही बाब अशा वेळी मोलाची ठरते.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथॉन प्रथम प्रसृत केली. संगणकावर ती सुरू केली की >>> ही चिन्हे दिसतात. हा तिचा शेल. येथे एक ओळ टंकित करावी आणि लगेच उत्तर घ्यावे. आज्ञा अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहायच्या असतात.

‘हेल्प’च्या कंसात एखाद्या आज्ञेचे नाव दिल्यास तिची माहिती मिळते. माहिती लांबलचक असेल तर पडदा मध्येच थांबतो आणि नवखा विद्यार्थी गोंधळतो. ‘क्यू’ दाबले की सुटका होते. एखाद्या वस्तूवर कोणत्या क्रिया करता येतात हे ‘डिर’ सांगते, तर तिचा प्रकार ‘टाइप’ सांगते. नुसती अधोरेषा (_) म्हणजे मागील उत्तर. दुधाच्या तीन खेपांची बेरीज १२५ लिटर आली, तर अधोरेषा गुणिले ३० केल्यावर महिन्याचे ३७५० लिटर मिळतात.

अशी अंगभूत फंक्शन्स सत्तरच्या आसपास आहेत. त्यांची नावे राखीव नाहीत, आणि खरा घोटाळा येथेच होतो. ‘इफ’ हा राखीव शब्द असल्याने त्याला किंमत देऊ गेल्यास शेल नकार देतो. ‘सम’ हे मात्र बेरजेच्या फंक्शनचे नाव असूनही विद्यार्थी ‘सम = १२५’ असे लिहितो, आणि शेल मुकाट्याने ते मान्य करतो. पुढच्या बेरजेला ‘इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल’ ही त्रुटी उमटते. प्रात्यक्षिक परीक्षेत घड्याळ पुढे सरकत असते आणि चूक तर दहा ओळी मागे दडलेली असते! वास्तविक मूळ फंक्शन नष्ट झालेले नसते. नावाचा शोध आधी आपल्या नोंदींत आणि अखेरीस अंगभूत यादीत घेतला जातो, म्हणून ते केवळ झाकले जाते. ‘डेल सम’ लिहिताच ते पुन्हा हाती येते. ‘लिस्ट’ आणि ‘मॅक्स’ या नावांचीही हीच गत होते.

शेलमधून बाहेर पडण्यासाठी ‘एक्झिट’पुढे रिकामा कंस द्यावा लागे. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीच्या नव्या शेलमध्ये ती गरज उरली नाही. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत जुनी आवृत्ती असण्याचा संभव मोठा. तेव्हा कंसाची सवय ठेवलेली बरी.