एका वायरीत तीन कामं

संगणकाची दुरुस्ती मी शिकलो ती निळ्या टोकाच्या केबलवर. मागे भलंमोठं पोट असलेला मॉनिटर, त्याची पंधरा पिनांची केबल, दोन्ही बाजूंना हाताने आवळायचे स्क्रू. ही व्हीजीए जोडणी आयबीएमने १९८७ साली आणली. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्यापर्यंत ती पोचली तेव्हा चांगली मुरलेली होती. २००१ साली एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे संगणक वर्ग निघाले, आणि त्या वर्गांतल्या मशिन्सवरच माझ्यासारख्यांचा हात बसला. चित्र पिवळं पडलं की समजायचं, निळ्या रंगाची पिन वाकली. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचं तोंड पिनेवर चढवायचं, हलकेच सरळ करायचं, झालं काम. वीज एका वायरीने यायची, चित्र दुसरीने, प्रिंटरची तिसरी. बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं.

डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो वगैरे कंपन्यांनी व्हीजीए बंद करत आणण्याचं जाहीर केलं. तोवर मॉनिटरची नवी जोडणी, एचडीएमआय, रुळली होती.

लॅपटॉपला मॉनिटर, प्रिंटर वगैरे एकाच ठिकाणी जोडून देणारा डॉक एचडीएमआयहून जुना. ॲपलने १९९२ साली ड्युओ डॉक काढला. व्हीसीआरमध्ये कॅसेट ढकलावी तसा लॅपटॉप त्याच्या आत जायचा. पुढे कितीतरी वर्षं ज्या कंपनीचा डॉक, तो तिच्याच लॅपटॉपला बसे. महाग पडायचं, पण लॅपटॉपला वीज किती लागते हे डॉक बनवणाऱ्याला ठाऊक असायचं. २०१४ साली यूएसबी-सी आलं आणि वीज, चित्र, डेटा तिन्ही एकाच तोंडातून जाऊ लागले. कुणाचाही डॉक कुणाच्याही लॅपटॉपला लागू लागला. सोय मोठी झाली, पण ती जुनी खात्री गेली.

आमच्याकडे डॉक आला तो सेवा केंद्रामुळे. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला, पीक विम्याचे अर्जही ऑनलाइनच. लाइट जाते म्हणून लॅपटॉप, आणि अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, दुसरा मॉनिटर जोडायला डॉक. हा दुसरा मॉनिटर शेतकऱ्याकडे तोंड करून असतो. गट नंबर, क्षेत्र, नाव तो स्वतः वाचतो आणि चूक तिथल्या तिथे पकडतो. मला हा पडदा फार मोलाचा वाटतो. म्हणून डॉकला मॉनिटर जोडताच लॅपटॉप बंद पडतो, ही तक्रार मी कधी किरकोळ धरली नाही.

निळा पडदा येऊन कोड दिसला तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर बघायचा. काहीच न दिसता एकदम अंधार झाला तर वीज. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते आणि पुष्कळ जण तिलाच निदान समजतात. मशीन रीतसर बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. का, ते हाताने शोधावं लागतं. चार्जरवर ९० वॅट लिहिलेलं आणि डॉक ६० वॅटच देणारा, अशी जोडी बऱ्याचदा निघते. बॅटरीत दम असेतो उणीव ती भरून काढते. ती थकली की मॉनिटर उजळताना वाढलेला भार पेलत नाही. काही डॉक चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवतात, डिस्प्लेलिंकच्या ड्रायव्हरवर. तो ड्रायव्हर बिघडला असेल तर वीज कितीही द्या, उपयोग नाही.

तेव्हा एकत्र आलेल्या तीन वायरी मी पुन्हा सुट्या करतो. डॉक बाजूला ठेवून मॉनिटर थेट एचडीएमआयने लावतो. चालला, तर संशय डॉकच्या बाजूला सरकतो. मग डॉक लावायचा, पण चार्जर वेगळा. मग केबल बदलायची. शेवटी ड्रायव्हर, बायोस, डॉकचं फर्मवेअर. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

जुलैत विम्याची मुदत जवळ आली की केंद्रावर रांग लागते, निदानाला सवड नसते. त्या दिवसांपुरता मी चार्जर आणि मॉनिटर दोन्ही थेट लॅपटॉपला जोडून देतो, आणि डॉकवर फक्त अंगठ्याचं मशीन नि प्रिंटर ठेवतो.