उत्तरेचे पाहुणे

दिवाळी उलटली कीं पैठणच्या नाथसागरावर रोज पहाटे नवे पक्षी उतरूं लागतात. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथून हा जलाशय सुमारें ५० किलोमीटरांवर आहे. या पाहुण्यांत लांब टोंकदार शेंपटीचें तलवार बदक सहज ओळखूं येतें. त्याच्या वस्तीचा मोठा भाग सैबेरियांतील दलदलींत आहे. तेथील तळ्यांत उन्हाळ्यांत हरणांच्या कुळांतील सर्वांत मोठा प्राणी, मूस, छातीएवढ्या पाण्यांत उभा राहून पाणवनस्पति खात असतो. हिवाळा आला तरी मूस हलत नाहीं. लांब पायांनीं बर्फ तुडवीत भूर्ज आणि विलो यांच्या डहाळ्यांवर तो गुजराण करतो. बदकाला मात्र पाणी गोठलें कीं अन्नच उरत नाहीं.

हिमालयापलीकडच्या पक्ष्यांची ओळख या भूमीला जुनी आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळीं, म्हणजे पांचव्या शतकांत, हंसजातकाची कथा रंगविली गेली. पारध्याच्या फांशांत सांपडलेल्या हंसराजाला त्याचा सेनापति सुमुख सोडून जात नाहीं, ही ती कथा. कालिदासाचे राजहंसहि मेघाच्या सोबतीनें मानससरोवराची वाट धरतात. ही कल्पना निव्वळ काव्य नव्हे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस तिबेटांत आणि मंगोलियांत वीण करतो व हिमालय ओलांडून खालीं येतो. तलवार बदकाचें माहेर त्याहूनहि पुष्कळ उत्तरेस. तेथवर कवींची दृष्टि पोहोंचली नाहीं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचें कारणहि नाहीं.

तें कोडें उलगडलें एका लहानशा कड्यामुळें. १८९९ सालीं हान्स मोर्टेनसेन या डॅनिश शिक्षकानें स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक घातलेलीं ॲल्युमिनियमचीं कडीं चढविलीं. भारतांत या कामाला मोठें बळ मिळालें तें, आश्चर्य असें कीं, एका रोगामुळें. १९५७ सालीं तत्कालीन म्हैसूर राज्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं आणि माणसेंहि तापानें आजारी पडूं लागलीं. त्या तापाचा विषाणु रशियांतील एका मेंदूज्वराच्या विषाणूशीं मिळताजुळता निघाला. तेव्हां उत्तरेचे पक्षी अंगावरील गोचिडांबरोबर हा रोग आणीत असतील काय, असा संशय उत्पन्न झाला. जागतिक आरोग्य संघटनेनें साहाय्य दिलें, आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें हजारों पक्ष्यांना कडीं घातलीं. पक्ष्यांवरचा आरोप शाबीत झाला नाहीं. परंतु भरतपूरला कडें घातलेलीं बदकें पुढें सोव्हिएट प्रदेशांत मिळालीं, आणि त्यांचा मार्ग कागदावर आला.

या भागाला सलीम अली परके नव्हते. औरंगाबाद जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानांत होता, त्याच्या पक्ष्यांची पाहणी त्यांनीं १९३१–३२ सालींच केली होती. दिल्ली दरवाज्याजवळच्या मोगलकालीन खिजरी तलावाला आज त्यांचेंच नांव आहे.

नाथसागर त्या पाहणीच्या वेळीं अस्तित्वांतच नव्हता. जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांनीं १९६५ सालीं बसविली, आणि १९७६ सालीं धरण पूर्ण झालें. गोदावरीचें पाणी सपाट मुलखावर पसरलें. शंभराहून अधिक गांवांना त्याची झळ लागली. कित्येक कुटुंबांचीं घरें, शेतें आणि देवळें पाण्याखालीं गेलीं. उथळ पाणी व चिखल हें तर बदकांचें मनाजोगतें अन्नक्षेत्र. माणसांचें घर मोडलें आणि पक्ष्यांचें वसलें. ही गोष्ट अभयारण्याच्या वर्णनांत सहसा येत नाहीं, ती यावयास हवी. पाणी ओसरलें कीं उघड्या पडलेल्या काळ्या जमिनींत शेतकरी गाळपेर करतात, आणि त्याच कांठावर पक्षीहि चरूं पाहतात.

१९८६ सालीं या जलाशयाला पक्षी-अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, आणि २०१७ सालीं भोंवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यांत आला. त्यानंतर पाण्यावर तरंगता सौरविद्युत् प्रकल्प उभारण्याची योजना निघाली. कहार समाज पंच समितीनें तिला हरकत घेतली. मासेमारीवर पोट असलेल्यांच्या दृष्टीनें पाण्याचा पृष्ठभाग झांकला जाणें ही लहान गोष्ट नव्हे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०२४ सालीं हरकत फेटाळली, आणि २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांत हस्तक्षेप केला नाहीं.