मागचा दिवा कोणासाठी?

ज्यानं आपल्याला दिसतं तो दिवा, अशी आपली साधी समजूत आहे. ट्रकच्या मागचा लाल दिवा मात्र या समजुतीत बसत नाही. त्यानं ड्रायव्हरला काही दिसत नाही. ड्रायव्हरची गाडी दुसऱ्याला दिसते.

आपल्या वऱ्हाडात पूर्वी कापसाच्या बंड्या रात्री बाजाराच्या वाटेला लागत. खाली एखादा कंदील लटकत असे. वेग बैलांचा, म्हणून चूक झाली तरी सावरायला वेळ मिळे. मोटारीनं तो वेळ हिरावला. मग कायदा आला: देशभरासाठी पहिला १९१४ चा, नंतर १९३९ चा, आणि आजचा १९८८ चा. १९८९ चे केंद्रीय नियम सांगतात की अंधारात ट्रकचे मागचे दोन लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत आणि मागची नंबरप्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. आता हिशोब करा. ताशी ६० किलोमीटरनं येणारा मोटारसायकलवाला १५५ मीटर साधारण नऊ सेकंदांत कापतो. दिवा बंद असेल तर ते नऊ सेकंद आपण त्याच्याकडून काढून घेतले.

गंमत अशी, की हा दिवा चालकाला सीटवरून दिसतच नाही. म्हणून तर क्लीनर मागे उभा राही. ड्रायव्हर ब्रेक दाबी आणि मागून आवाज येई, 'लागला!' इथे रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, तेही प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून विचारून. जे आपल्याला दिसत नाही, ते पाहणाऱ्याला विचारावं. तत्त्व तेच.

आता बरेच जण क्लीनरशिवाय निघतात. हरकत नाही. निघण्याआधी हेडलाइट डिम-अप्पर करून बघा, चारही इंडिकेटर लावा, आणि गाडीला एक फेरी मारा. ब्रेक लाइटसाठी अंधारात मागं भिंत असेल तिथं गाडी लावा. पायडल दाबलं की भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो. रिफ्लेक्टर पुसा. मोर्शी-वरूडकडून संत्रा भरलेला ट्रक असो की कपाशीची ट्रॉली, बल्ब चांगला असतो आणि वरून ताडपत्री लोंबत असते. मग तो दिवा असून नसल्यासारखा.

नीतिशास्त्रात आपण विचारतो, ज्याला ओळखत नाही त्याचं आपण काय देणं लागतो? रस्त्यावर त्याचं एक उत्तर निश्चित आहे: मागून येणाऱ्याचे ते नऊ सेकंद.