पाय ठेवायला जागा

वाशिम, मालेगाव, मानोरा या पट्ट्यातली जमीन काळी, भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि अंगावरचा डांबरी रस्ताही वर-खाली करते. माझं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. आमच्याकडच्या शॉकअपची गोष्ट या मातीपासूनच सुरू होते, असं मी मानतो.

मूळ पोलंडच्या बनावटीची, १७५ सीसीची राजदूत दूधवाल्यांची लाडकी. दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन टांगले की गाडीचं मागचं अंग पार बसायचं. मग मागणी एकच, ‘शॉकअप टाइट करून द्या.’ ज्या गाड्यांच्या शॉकअपला खाचांची रिंग असते, तिथं ती पान्यानं फिरवायची. त्यानं स्प्रिंग कडक होते, असं गिऱ्हाइकाला वाटतं. स्प्रिंग तीच राहते. ती आधीपासून थोडी दाबलेली असते, म्हणून ओझ्याखाली गाडी कमी बसते. पण रिकामे कॅन घेऊन परतताना तीच गाडी कंबर मोडते. शहाणा दूधवाला डेअरीवर कॅन उतरवला की रिंग मागे घ्यायचा. बाकीचे आता पट्टा बांधून फिरतात.

तरी आरामाचा मोठा बदल झाला तो मागच्या सीटवर. १९७२ साली लुना आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, आणि घरची बाई गाडीवर बसू लागली. ती एका अंगाला बसणार. कंपनीचं फुटरेस्ट दोन बाजूंना पाय टाकणाऱ्यासाठी. तिचा एक पाय टेकायचा, दुसरा लोंबकळायचा. वेल्डरांनी डाव्या बाजूला पत्र्याचं रुंद पायदान जोडलं. त्याची उंची फार महत्त्वाची. खाली गेलं तर बाई सीटवरून घसरते, वर आलं तर गुडघे छातीशी येतात. मी बाईला सीटवर बसवून, तळवा सपाट टेकतो का ते पाहूनच टाका मारायचो. बाहेरची कड थोडी वर वळवली की चप्पल सुटत नाही.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या बंजारा बायांचा घेरदार फेटिया, म्हणजे घागरा, पाहिला की कपडा चाकात अडकू न देणारी जाळी किती गरजेची ते कळायचं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागच्या माणसासाठी धरायला हँडल, फुटरेस्ट आणि निम्मं चाक झाकणारं आवरण सक्तीचं झालं.

आता पोरं फुटरेस्ट मागे सरकवायला सांगतात. त्याबरोबर ब्रेकचा पेडल नि गिअरचा लिव्हरही सरकवावा लागतो, आणि अंगाचा भार मनगटांवर येतो. मी आधी विचारतो, ‘मागं कोण बसते?’ आई बसत असेल तर पायदानाचं काम आधी घेतो.