अहमदनगर जिल्ह्यातील ईस्टर

क्रुसावरील मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी येशू ख्रिस्ताचे पुनरुत्थान झाले, या श्रद्धेच्या स्मरणार्थ पाळला जाणारा ख्रिस्ती धर्मीयांचा प्रमुख सण म्हणजे ईस्टर. मुंबई व कोकणपट्टी सोडल्यास महाराष्ट्रातील ज्या थोड्या जिल्ह्यांत ग्रामीण ख्रिस्ती वस्ती ठळकपणे आढळते, त्यांत अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याची गणना होते. येथील ईस्टरचे स्वरूप मुंबई-गोव्याकडील ईस्टरहून निराळे आहे. रंगविलेली अंडी, बेकरीतील मिठाई इ. गोष्टी येथे उशिरा व बेतानेच आल्या. पहाटेचे भजन, कबरींवरील फुले आणि बाहेरगावांहून परतलेल्या आप्तांसह घरी होणारे एकत्र जेवण हा या सणाचा येथील गाभा होय. हे स्वरूप कोणी आखून दिलेले नव्हते. किंबहुना ज्या मिशनने या जिल्ह्यात पहिली ख्रिस्ती मंडळी स्थापन केली, त्या मिशनच्या मूळ परंपरेत ईस्टर हा सणच नव्हता.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले. या मिशनच्या अ‍ॅलन ग्रेव्ह्‌ज, हॉलिस रीड व विल्यम हार्वे यांनी १८३१ च्या अखेरीस अहमदनगर येथे ठाणे उघडले. हार्वे पुढल्याच वर्षी पटकीने वारले. १८३३ मध्ये येथील मंडळी विधिपूर्वक स्थापन झाली. हे मिशनरी न्यू इंग्लंडमधील काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्यूरिटनांचे वारस होते. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही असा कोणताही वार्षिक सण पाळू नये, असा प्यूरिटनांचा आग्रह होता. मॅसॅचूसेट्समध्ये तर १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास दंड होत असे. दर रविवार हाच पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्यासाठी वर्षातून वेगळा दिवस नको, हा त्यांचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड होता. अमेरिकेतील या पंथांमध्ये ईस्टर सर्रास पाळला जाऊ लागला, तो तेथील यादवी युद्धानंतर (१८६१–६५).

तर्क बिनतोड असला, तरी नगरच्या नवख्रिस्ती कुटुंबांची अडचण त्याने सुटणारी नव्हती. धर्मांतराबरोबर पाडवा, पोळा, दसरा, दिवाळी, गावची जत्रा हे सारे एकदम सुटले. सण म्हणजे केवळ पूजाविधी नव्हे. लेकीने माहेरी यावे, भावकीने एका पंगतीस बसावे, लहानांना नवे कपडे मिळावेत, याचे ते निमित्त असते. धर्माबरोबर हे निमित्तही गेले. कित्येकांचे कुटुंबच दुभंगले. ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. ही हकीकत स्मृतिचित्रेमुळे सर्वश्रुत आहे. अनाम कुटुंबांतील अशा ताटातुटींची मात्र कोठेच नोंद नाही. त्यातच १८७६–७८ आणि १८९६–१९०० या काळांतील दुष्काळांनी व त्यानंतरच्या प्लेगने अनेक मुले पोरकी होऊन मिशनच्या वसतिगृहांत वाढली. त्यांना तर मंडळी हेच घर होते. अशा समाजाला उपदेशाइतकीच सणाचीही गरज होती.

ती प्रथम भागविली, ती गीतांनी. हेन्‍री बॅलंटाइन यांनी मराठीत रचलेली उपासनागीते पाश्चात्त्य चालींवर होती. ती शाळांतून पाठ झाली. या शाळांत मुलीही होत्या. सिंथिया फॅरार यांनी १८६२ मधील आपल्या निधनापर्यंत नगरला मुलींच्या शिक्षणाचे काम केले. शाळेत शिकलेल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा गीते व शुभवर्तमानातील कथा घरोघर पोहोचल्या. नंतर कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा साचा स्वीकारला. पूर्वरंग-उत्तररंग, टाळ, मृदंग यांसह ख्रिस्तचरित्र सांगण्याची ही रीत श्रोत्यांना परकी वाटली नाही. टिळकांनी अभंग, ओवी व पदे यांची भर घालून ख्रिस्ती भजनाला खरे मराठी वळण दिले. गोमंतकात फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाने (१६१६) पुनरुत्थानाची कथा अडीचशेहून अधिक वर्षे आधीच ओवीबद्ध केली होती, हे खरे. परंतु नगरच्या मंडळ्यांचा त्या परंपरेशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. त्यांनी तोच मार्ग स्वतंत्रपणे शोधला, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाची वाटते.

ईस्टरचे विधिवत पंचांग मात्र जिल्ह्यात दुसऱ्या वाटांनी आले. १८७० नंतर अँग्लिकन पंथाचे, तसेच रोमन कॅथलिक जेझुइटांचे कार्य येथे सुरू झाले. राहुरी तालुक्यातील केंदळ व वळण, तसेच संगमनेर ही जेझुइटांच्या कार्याची परिचित केंद्रे. या दोन्ही परंपरांत राखेच्या बुधवारापासूनचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह व ईस्टर यांचा क्रम ठरलेला होता. शेजारच्या वाडीतील सोयरे उपवास धरतात आणि सण करतात, हे पाहून काँग्रिगेशनल मंडळ्याही तटस्थ राहणे अवघड होते. सोयरीक पंथाची वेस फारशी मानीत नसे.

निसीया येथील धर्मपरिषदेने (३२५) ईस्टर सर्वत्र एकाच रविवारी पाळावा असे ठरविले. पुढे रूढ झालेल्या नियमानुसार २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस होय. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो. ही पौर्णिमा बहुधा चैत्राची असते. म्हणून गुड फ्रायडे व हनुमान जयंती लागोपाठ येण्याचे प्रसंग वारंवार घडतात. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती व ७ एप्रिलला गुड फ्रायडे होता. क्वचित पौर्णिमा फाल्गुनाची असते व होळीपाठोपाठ ईस्टर येतो. २०२४ मध्ये असे घडले. नगरसारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात हा काळ सोयीचा असतो. रब्बीची ज्वारी, हरभरा व गहू निघालेले, शेतकाम ओसरलेले आणि गावोगाव जत्रांचा हंगाम. ख्रिस्ती घरातील ईस्टरला जत्रेचा थोडासा रंग चढतो, तो यामुळेच.

सणाची तयारी आदल्या रविवारपासून, म्हणजे झावळ्यांच्या रविवारपासून दिसू लागते. येशूच्या यरुशलेमप्रवेशाच्या स्मरणार्थ मुले झावळ्या हाती घेऊन गात मिरवत जातात. जेथे नारळ नाही तेथे ओढ्याकाठच्या शिंदीची पाने चालतात. त्या पानांचे लहान क्रूस विणून ते घरात लावले जातात. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाचा विधी होतो. शुक्रवारी दुपारी १२ ते ३ या वेळात क्रुसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात, तर कॅथलिक मंडळी क्रुसाची वाट चालतात. त्या दिवशी घरात चूल बेतानेच पेटते. शनिवार हा मौनाचा दिवस मानला जात असला, तरी गृहिणीला मौन परवडत नाही. घर सारवणे वा धुणे, पुरणाची डाळ निवडणे, पाहुण्यांची अंथरुणे ही सर्व कामे त्याच दिवशी उरकावी लागतात.

कॅथलिक मंडळ्यांत ईस्टरचा जागरणविधी पूर्वी शनिवारी सकाळीच उरकला जाई. बाराव्या पायस पोपने १९५१ मध्ये प्रायोगिक रीत्या व १९५६ पासून सर्वत्र तो रात्रीच्या वेळी आणला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) विधी लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागले. अंधारात पेटविलेल्या पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून प्रत्येकाने आपली मेणबत्ती लावून घ्यायची, हा या विधीतील भाग मुलांना विशेष आवडतो.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा खरा सण रविवारी पहाटे उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. भजनी मंडळ टाळ-ढोलकीसह वस्तीतून फेरी काढते. घराघरांतून माणसे मिळत जातात आणि अनेक ठिकाणी ही फेरी दफनभूमीपाशी थांबते. कबरी आधीच झाडून स्वच्छ केलेल्या असतात. त्यांवर झेंडू, शेवंती वा मिळतील ती फुले वाहून मेणबत्त्या लावतात आणि सूर्योदयाच्या सुमारास उपासना होते. कबरस्तानातील अशी पहाटेची उपासना जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन पंथीयांनी १७३२ मध्ये सुरू केली व ती मिशनांच्या द्वारे जगभर पसरली. नगर जिल्ह्यात मात्र तिला आणखी एक अर्थ आला. धर्मांतरितांना वाडवडिलांच्या देव्हाऱ्यात स्थान उरले नव्हते. दफनभूमी ही त्यांच्या घराण्याची एकमेव वंशावळ झाली. पणजोबा, दुष्काळात वसतिगृहात आलेली आजी, अकाली गेलेले मूल यांची नावे मुलांना वर्षातून एकदा येथेच सांगितली जातात. शुभवर्तमानांनुसार पहाटे कबरीपाशी प्रथम पोहोचल्या त्या स्त्रिया. या फेरीतही बहुधा स्त्रियांचाच आवाज पुढे असतो.

त्यानंतरचा दिवस मोकळा व आनंदाचा. घरी पुरणपोळी, किंवा उपवासकाळात मांस वर्ज्य केलेल्या घरांत मटण-भाकरी होते. शेजारी फराळाची ताटे जातात. एकाच भावकीत ख्रिस्ती, हिंदू व १९५६ नंतर बौद्ध झालेली घरे असल्याने पंगत अनेकदा संमिश्र असते. ईस्टर व १४ एप्रिलची आंबेडकर जयंती एकाच आठवड्यात आली, उदा., २०२२ मध्ये, म्हणजे आलेले पाहुणे दोन्ही साजऱ्या करूनच परततात. दुपारी शब्बाथ शाळेची मुले रिकाम्या कबरीचा प्रवेश बसवून दाखवितात. कबरीवरील धोंडा पुठ्ठ्याचा असतो व तो ऐन वेळी हमखास आधीच घरंगळतो.

काँग्रिगेशनल मंडळ्या १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात व २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकनांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात समाविष्ट झाल्यावर सणांविषयीचा जुना पंथभेद औपचारिक रीत्याही संपला. त्यानंतर बदल झाला तो स्थलांतराचा. पुणे, मुंबई, पिंपरी-चिंचवड येथे नोकरीनिमित्त गेलेल्या कुटुंबांना शुक्रवारच्या सार्वजनिक सुटीला जोडून तीन दिवस मिळतात व गुरुवारी रात्रीच्या गाड्यांनी ती गावी येतात. शहरातील चर्चच्या आवारात अंडी लपवून शोधण्याचा खेळ शिकलेली नातवंडे आता तो गावच्या अंगणातही मांडतात. अंडी उकडून देण्याचे काम आजीकडे येते आणि खेळ संपल्यावर त्यांचीच आमटी होते.