गृहखात्यातील कारकून ते संस्थान खात्याचे सचिव : व्ही. पी. मेनन यांची खातेबदली

१/ १९४७च्या जुलै महिन्यात दिल्लीत एक नवे सरकारी खाते उघडले. पाचशेहून अधिक संस्थानांना स्वतंत्र भारतात सामील करून घेणे हे त्याचे काम, आणि हाताशी असलेली मुदत जेमतेम सहा आठवड्यांची. या खात्याच्या सचिवपदी जे गृहस्थ आले, त्यांनी त्यापूर्वी संस्थानांशी संबंधित खात्यात कधीही नोकरी केली नव्हती.

२/ वप्पाल पंगुण्णी मेनन यांचा जन्म १८९३ साली मलबारातील ओट्टप्पालम येथे झाला. शिक्षण अर्धवट सुटले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत त्यांनी काम केले आणि १९१४ साली हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्यात कारकून म्हणून ते रुजू झाले. आय.सी.एस.चा शिक्का नाही, विलायतेची पदवी नाही. अशा माणसाची चाकरी सहसा हेडक्लार्कच्या खुर्चीवर संपत असे.

३/ मेनन यांची वाट बदलली ती सुधारणा कार्यालयात झालेल्या बदलीमुळे. घटनात्मक सुधारणांचे मसुदे, अहवाल आणि पत्रव्यवहार सांभाळणारे हे छोटे कार्यालय होते. जिल्ह्याचा कारभार नाही, पोलीस नाहीत, महसूल नाही. महत्त्वाकांक्षी आय.सी.एस. अधिकाऱ्याला तेथे वर्षानुवर्षे बसून राहण्यात रस नसे. साहेब येत आणि जात. मेनन मात्र तेथेच राहिले.

४/ त्यामुळे एक गोष्ट घडली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांपासून गोलमेज परिषदांपर्यंतचा सारा कागद त्यांच्या नजरेखालून गेला. कोणते कलम कोणत्या वादातून जन्मले, कोणी कोठे माघार घेतली, याची माहिती कार्यालयातील दप्तरात होती आणि मेनन यांच्या स्मरणातही होती. १९४२ साली एच. व्ही. हॉडसन यांच्यानंतर ते रिफॉर्म्स कमिशनर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय.

५/ या कागदांतील एक प्रकरण पुढे निर्णायक ठरले. १९३५च्या कायद्यात अखिल भारतीय संघराज्याची योजना होती. संस्थानिकाने सामीलनाम्यावर सही करायची, कोणते विषय संघराज्याकडे सोपवायचे ते त्यातच नमूद करायचे, अशी सहाव्या कलमाची तरतूद होती. संस्थानिकांशी याविषयी वाटाघाटी झाल्या.

६/ ती योजना फसली. पुरेशा संख्येने संस्थानिक राजी झाले नाहीत आणि १९३९ साली महायुद्ध सुरू होताच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी वाटाघाटी स्थगित केल्या. सामीलनाम्याचे मसुदे कपाटात गेले. एका भव्य योजनेचे अपयश एवढाच त्यांचा अर्थ उरला होता.

७/ मे १९४७. सिमल्यात माउंटबॅटन यांनी सत्तांतराची योजना नेहरूंना दाखविली आणि नेहरूंनी ती साफ नाकारली; तिच्यातून देशाचे अनेक तुकडे होतील अशी त्यांना धास्ती वाटली. ११ मे रोजी पर्यायी मसुदा लिहिण्याचे काम मेनन यांच्याकडे आले आणि त्यांनी तो काही तासांत सिद्ध केला. सत्ता दोन वसाहतींच्या मध्यवर्ती सरकारांकडे सोपवावी, ही त्यातील मूळ कल्पना त्यांनी महिनोन्‌महिने आधीच वल्लभभाई पटेलांशी चर्चिलेली होती. ३ जून रोजी जाहीर झालेली योजना याच पायावर उभी होती.

८/ प्रश्न उरला संस्थानांचा. ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता १५ ऑगस्टला संपुष्टात येणार होती आणि कायद्याच्या भाषेत प्रत्येक संस्थानिक मोकळा होणार होता. संस्थानांचा व्यवहार आजवर पोलिटिकल खाते पाहत असे. त्याचे प्रमुख कॉनरॅड कॉर्फिल्ड यांचा कल संस्थानिकांकडे होता. म्हणून वेगळे संस्थान खाते निघाले : मंत्री पटेल, सचिव मेनन.

९/ मेनन तेव्हा निवृत्तीच्या विचारात होते. स्वातंत्र्य मिळाले की आपले काम संपले, असे त्यांना वाटत होते. अशा असाधारण काळात विश्रांतीचा विचार करू नये, असे पटेलांनी त्यांना समजाविले, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. तेहतीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनी पुन्हा खाते बदलले.

१०/ नव्या खात्यात ते जुन्या खात्याचे ज्ञान घेऊन आले. नवी घटना होईपर्यंत १९३५चाच कायदा फेरफार करून चालू राहणार होता. म्हणजे सहावे कलमही हाताशी होते. मेनन यांनी तोच सामीलनामा पुन्हा बाहेर काढला आणि मागणी कमी केली : संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीनच विषय, आर्थिक बोजा काही नाही. आठ वर्षांपूर्वी नाकारलेला कागद आता संस्थानिकांना आधार वाटू लागला. १५ ऑगस्टपर्यंत हैदराबाद, काश्मीर, जुनागड आणि काही लहान संस्थाने वगळता भारतीय हद्दीतील बहुतेक सर्वांच्या सह्या झाल्या.

११/ अर्थात सारेच काही मसुद्यांतून शिकता येत नाही. सही केल्यानंतर जोधपूरचे तरुण महाराज हणवंतसिंह यांनी मेनन यांच्यावर पिस्तूल रोखले होते. असले पोरकट नाटक करू नका, असे त्यांनी महाराजांना बजाविले. टेबलामागे आयुष्य घालविलेल्या माणसाला आता दरबार, विमानतळ आणि मध्यरात्रीच्या वाटाघाटी पाहाव्या लागत होत्या.

१२/ सामीलीकरणानंतर विलीनीकरण आले. डिसेंबर १९४७मध्ये पटेल व मेनन यांनी कटक येथे ओडिशाच्या आणि नागपूर येथे छत्तीसगडच्या संस्थानिकांकडून विलीनीकरण करारांवर सह्या घेतल्या. दक्षिणेतील काही मराठी संस्थानिकांनी स्वतःचा संघ उभारण्याचा प्रयत्न केला होता; तो टिकला नाही. सांगली, मिरज, फलटण, भोर ही संस्थाने मार्च १९४८मध्ये, तर कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले.

१३/ येथेच मेनन यांच्यावरील टीकेचे मूळ आहे. जुलै १९४७मध्ये संस्थानिकांना केवळ तीन विषय सोडण्यास सांगितले होते. दोन वर्षांच्या आत त्यांच्यापैकी बहुतेकांची राज्येच उरली नाहीत. बदल्यात मिळालेले तनखेही १९७१ साली घटनादुरुस्तीने बंद झाले. दिलेला शब्द मोडला की संस्थानी प्रजेला लोकशाही हक्क मिळवून देण्याचा तोच मार्ग होता, हा वाद अजून मिटलेला नाही. दोन्ही बाजूंना पुरावा मात्र मेनन यांनी लिहिलेल्या मसुद्यांतच शोधावा लागतो.

१४/ १५ डिसेंबर १९५० रोजी पटेल गेले आणि मेनन यांचे सरकारी आयुष्यही लवकरच आटोपले. संस्थानांच्या एकीकरणाचा आणि सत्तांतराचा इतिहास लिहीन, असे वचन त्यांनी पटेलांना दिले होते. १९५६ व १९५७ साली दोन ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांनी ते पाळले. १९६५ साली बंगळुरात त्यांचे निधन झाले. या काळाचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी आज त्या दोन ग्रंथांपाशी येऊन थांबतो. कारकून म्हणून दुसऱ्यांचे कागद जपण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाने अखेरीस स्वतःचे कागद इतिहासाच्या स्वाधीन केले.